माझ्या बाजूचा ब्रेक

११ जानेवारी

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवा. कुठे दुखतं, कसं दुखतं, काय केलं की वाढतं. मी म्हटलं, तोंडी सांगते की. तर म्हणाल्या, तोंडी सगळे ‘बरं आहे’ म्हणतात. म्हणून ही वही.

गुडघा झकास आहे. हे आधी लिहिते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. ऑपरेशन होऊन महिना झाला, टाका भरला, पाय सरळ झाला. इतकी वर्षं माझा उजवा पाय आत वाकलेला होता, आता एकदम शिपायासारखा ताठ. डॉक्टर त्या गुडघ्याकडे असे बघतात, जणू त्यांच्याच पोटचा आहे. बघायला येणारेही गुडघ्याचंच विचारतात. पावलाचं कोणी विचारत नाही. ऑपरेशन पावलाचं नव्हतंच ना.

पाऊल: वरच्या बाजूने बधिर. त्या बधिरपणाच्या आत आग. पंजा वर उचलला जात नाही.

१४ जानेवारी

आज डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. वाकडा पाय सरळ करताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस ताणली गेली. तुटलेली नाही, ताणलीय. हजारात काही जणांना होतं म्हणे. मी आजवर एकही सोडत जिंकलेली नाही, पण यात नंबर लागला.

“येईल ना परत?”

“येईल. पूर्ण येईल का, ते आत्ता सांगता येणार नाही. नस फार हळू वाढते. महिने धरून चला.”

पंजा लोंबू नये म्हणून एक प्लास्टिकची स्प्लिंट दिलीय. पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली वळते, वरून बूट घालायचा. ही घातली की पाय अडखळत नाही. कुरूप आहे, पण काम करते. माझ्या ओळखीत अशी बरीच माणसं आहेत.

“आणि गाडी मी सांगेपर्यंत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मी गाडी चालवत नाही, शिकवते. बाजूला बसते फक्त.”

ते हसले. त्यांना विनोद वाटला. मला तो मुद्दा वाटला होता.

१९ जानेवारी

चादर पावलाला लागली की चटका बसतो. बोट लावलं तर कळत नाही आणि चादर लागली तर जीव जातो. कसला हा हिशेब. ह्यांनी जुन्या टेबलाचा खण उलटा करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, वरून चादर सोडली. आता चादर अधांतरी राहते. दिवसभर खुडबुड चालली होती. निवृत्त भूगोलाच्या मास्तरांना रिकामा वेळ फार.

२ फेब्रुवारी

लिहायचं राहून गेलं. लिहिण्यासारखं काही नव्हतंही. नसेची गोळी घेतली की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. आग कमी होते, बाकीचंही सगळं कमी होतं. लेकीचा फोन येतो, ती बोलते, मी ‘हं’ म्हणते. काल म्हणाली, “आई, तुझा आवाज असा काय लागतोय?” कसा, ते तिला सांगता येईना.

संध्याकाळी भाऊजी येऊन गेले. माझे दीर, आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले माझे भागीदार. दोन गाड्या, दोन शिकवणारे, त्यातली मी घरी. एकटे पळून पळून चेहरा उतरलाय त्यांचा.

“वहिनी, तुम्ही घाई करू नका,” म्हणाले. मग म्हणाले, “पण ती बेकरीवाली रोज फोन करते. माझ्याबरोबर बसायला तयारच नाही. म्हणते, तुम्ही ओरडता.”

“ओरडताच तुम्ही.”

“अहो, ती चालवते की ढकलते तेच कळत नाही!”

ही माझी हळूबाई. चाळिशीची आहे, बेकरीत पहाटेच्या पाळीला असते. लायसन्स मिळालं तर मालक तिला पावाच्या गाडीवर घेणार आहे. भट्टीपुढे उभं राहण्यापेक्षा बरं. पण गाडीत बसली की रस्त्याची माफी मागत मागत जाते. मुंगी आडवी आली तरी थांबेल. तिचं नाव हळूबाई मीच ठेवलं, तिला ते आवडलं.

९ फेब्रुवारी

आज गाडीत बसून आले. हळूबाईबरोबर, रिकाम्या रस्त्यांवरून.

ज्याला गाडीतलं कळत नाही अशा कोणी हे वाचलं तर (कोण वाचणार?), आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर आपण दाबायचा. तीस वर्षांत माझा उजवा पाय त्या ब्रेकच्या वर जणू टांगलेला असायचा. रस्ता बघायचे मी, आणि ब्रेकचं पाय बघून घ्यायचा.

स्प्लिंट घालून पाय तिथे नीट बसत नाही, ताठ राहतो. म्हणून काढून गेले. पंजा उचलला जात नाही तर मांडीपासून अख्खा पाय उचलायचा. जमलं. दोनदा दाबून बघितला, गाडी थांबली. फक्त पाय कुठे आहे ते कळत नाही, म्हणून मधूनमधून खाली बघावं लागतं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “डॉक्टरांना विचारलंस?”

“विचारलं.”

विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बघा म्हणाले असते, हळूहळू सुरू करा. डॉक्टर असंच बोलतात.

१५ फेब्रुवारी

रोज जातेय. घरात बसून पावलाकडे बघत राहण्यापेक्षा बरं. आणखी दोघंजण घेतले शिकवायला. हळूबाईचा हात बसतोय. आज तिसऱ्या गिअरमध्ये गेली आणि स्वतःच दचकली. “मॅडम, मी खरंच एवढ्या जोरात चालवतेय?” मी म्हटलं, “बाजूने सायकलवाला पुढे गेला बघ.” खूप हसली.

पाऊल: तसंच.

२० फेब्रुवारी

आज अपघात झाला. हळूबाईने एका सायकलवाल्याला धडक दिली. गल्लीतून बाहेर आला होता. हात मोडला, डोक्याला काही नाही. बाकी ठीक.

पाऊल: नेहमीसारखं.

२१ फेब्रुवारी

परिवहन कार्यालयात जाऊन आलो. साहेब तरुण होते, सभ्य. मला बसायला खुर्ची दिली, काठीकडे बघून. काय झालं ते सांगा म्हणाले. मी सांगितलं, शिकाऊ आहे, माणूस समोर आल्यावर घाबरली, ब्रेकऐवजी वेग वाढला.

“आणि तुमच्या बाजूचा ब्रेक?”

“दाबला. उशीर झाला.”

हळूबाई शेजारीच होती. तिला विचारलं, असंच झालं का. ती म्हणाली, “मॅडम म्हणतात तसंच. मला काही आठवत नाही. मी डोळे मिटले होते बहुतेक.” आणि रडायला लागली. साहेबांनी तिला पाणी दिलं.

मला काहीच वाटलं नाही. बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, “वहिनी, शिकाऊ माणूस आहे, होतं असं. मनाला लावून घेऊ नका.” मी घेत नव्हतेच. समोर एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलत होता, त्याच्याकडे बघत होते.

२२ फेब्रुवारी

ह्यांनी सकाळी विचारलं, “परवा स्प्लिंट घातली होतीस ना गं?”

“घातली होती.”

हे चहा करायला आत गेले. नंतर बघते तर स्प्लिंट दाराजवळच्या खुंटीला अडकवलेली. माझ्या आठवणीप्रमाणे मी ती खोलीतल्या खुर्चीवर टाकली होती, पण माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलात, ती गोळी सगळं पुसते.

बूट पॉलिश केले. उजव्या बुटाच्या टोकावर वरच्या बाजूने चरा पडला होता.

२६ फेब्रुवारी

हळूबाईचा फोन. “मॅडम, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं.” मी म्हटलं, असू दे. म्हणाली, “मी आता शिकणार नाही. मालकांना सांगून टाकलं, गाडीवर दुसऱ्या कोणाला घ्या.” मी म्हटलं, बघ, नंतर वाटलं तर ये. ती म्हणाली, “नाही मॅडम, माझ्यासारखीने चालवूच नये.”

संध्याकाळी बेकरीतून कोणाच्या तरी हाती पाव पाठवला. अजून गरम होता. ह्यांनी कापून पुढे ठेवला. मी नको म्हटलं. त्यांनीही खाल्ला नाही.

“का हो?”

“भूक नाही,” म्हणाले. पाव तसाच झाकून ठेवला. (२८ तारीख: पाव पाखरांना घातला.)

५ मार्च

गाडी दुरुस्त होऊन आली. भाऊजी म्हणाले, तुम्ही कधीपासून? मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघ्याला पहिल्यांदाच दोष दिला. बिचारा.

आज नसेची तपासणी होती. पायाला बारीक झटके देतात, सुया टोचतात आणि पडद्यावर रेघा बघतात. काही ठिकाणी झटका गुडघ्यापाशी कळायचा आणि पावलात काहीच नाही, जणू खालच्या घरात कोणी राहतच नाही. डॉक्टर म्हणाले, “थोडी हालचाल दिसतेय, पण फार थोडी. गाडीत बसत नाही ना?”

“नाही.”

हे शेजारच्या खुर्चीवर होते. जमिनीकडे बघत होते.

११ मार्च

व्यायामाच्या बाईंनी नवीन काम दिलंय. पावलावरून रोज कापूस, मग टॉवेल, मग ब्रश फिरवायचा. मग तांदळाच्या टपात पाय घालून बोटं हलवायची. नसेला पुन्हा ओळख करून द्यायची म्हणे, हा कापूस, हा टॉवेल. बालवाडीच घातलीय पायाची. बाई उत्साही आहेत. “आज काही वेगळं वाटलं?” असं रोज विचारतात. नाही वाटत. पायालाही नाही आणि मलाही नाही. दुसरं त्यांना सांगितलं नाही, त्यांचा विषय पाय आहे.

१८ मार्च

इस्पितळात हळूबाई दिसली.

मी व्यायामाच्या विभागाबाहेर बसले होते. समोरच्या बाकावर एक साठीचा माणूस, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याच्यापुढे वाकून एक बाई त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. वर बघितलं तर हळूबाई. तो सायकलवाला होता. रस्त्यावर मी त्याचा चेहरा पाहिलाच नव्हता.

ती लगेच धावत आली. “मॅडम, पाय कसा आहे तुमचा? किती वाळलात!” मग त्याला म्हणाली, “काका, या आमच्या मॅडम.”

घरं रंगवतो तो. रंगारी. एकटाच राहतो. उजवा हात गेल्यावर एका हाताने काही जमत नाही, आणि सगळ्यात जास्त बटणं. म्हणून हळूबाई रोज सकाळी पाळी संपवून, घरी झोपायला जायच्या आधी, त्याच्याकडे जाते. शर्ट घालून देते, चहा ठेवते, भांडी घासते.

“माझ्यामुळेच झालं ना,” ती म्हणाली. सहज म्हणाली, आज सोमवार आहे म्हणावं तसं.

रंगारी मला म्हणाला, “तुम्ही रागावू नका हिला. पोरगी झोपत नाही. घाबरली, चुकली, संपलं.”

मी म्हटलं, “मी कुठे रागावलेय.”

माझा नंबर पुकारला, मी आत गेले. बाईंनी विचारलं, आज काही वेगळं वाटलं? मी म्हटलं, नाही.

१९ मार्च

लिहिते.

रंगारी गल्लीतून बाहेर आला तेव्हा आम्ही हळूच चाललो होतो. हळूबाई हळूच चालवते. तो दिसल्यावर ती गोठली, हे खरं. तिचा पाय वेगाच्या पेडलवरच राहिला. जोरात दाबला नव्हता तिने. गाडी तशीच पुढे जात राहिली. अशा वेळेसाठीच मी बसलेली असते.

मी मांडीपासून पाय उचलला आणि दाबला. पूर्ण जोराने. मला वाटलं दाबला. गाडी थांबेना. मी आणखी दाबला. खाली बघितलं तेव्हा बुटाचं टोक ब्रेकच्या खाली अडकलेलं होतं. पंजा वर आलाच नव्हता. ब्रेक माझ्या पावलाच्या वर होता, मी जमीन दाबत होते, आणि पावलाची वरची बाजू बधिर असल्यामुळे मला ते कळलं नाही. हाताचा ब्रेक ओढला तोवर तो खाली पडला होता.

माझा पाय धड असता तर तो माणूस शिवी देऊन निघून गेला असता. इतकंच झालं असतं. असं तीस वर्षांत कितीदा झालंय.

साहेबांपुढे मी खोटं ठरवून बोलले का? नाही. तोंडातून निघत गेलं आणि मी ऐकत राहिले. पण दुसऱ्या दिवशी बूट पॉलिश केले, ते ठरवूनच.

२० मार्च

ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हो.”

“हो म्हणजे?”

“स्प्लिंट त्या दिवशी खुर्चीवर होती. तू गेल्यावर पाहिली मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.”

“महिना?”

“महिना.”

मला भयंकर राग आला. इतक्या दिवसांत काहीतरी आलं, ते हेच. म्हटलं, “ती बाई तिकडे त्याची भांडी घासतेय आणि तुम्ही माझ्या सांगण्याची वाट बघत बसलात? तुम्हीही गप्पच बसलात ना?”

“बसलो,” म्हणाले. “मलाही भीती वाटली. हे शिकवणं गेलं तर तुझ्याजवळ काय उरेल, याची.”

पेपरची घडी घातली. ती नीट बसेना, तर पुन्हा उलगडून घातली.

२३ मार्च

बेकरीत गेले. मागच्या दाराने. हळूबाईची पाळी संपत आली होती, ती रिकामे ट्रे एकावर एक रचत होती. हे बाहेर थांबले.

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं, बुटाच्या टोकासकट. ती ट्रे रचत राहिली. मला वाटलं आवाजात ऐकू येत नाहीये, म्हणून पुन्हा सांगायला लागले, तर म्हणाली, “ऐकलं मॅडम.”

मग ती म्हणाली, “मी डोळे मिटले होते असं मला वाटायला लागलं होतं. रोज आठवून बघायचे. मला त्याचा चेहरा दिसायचा, म्हणजे डोळे उघडे असणार. पण तुम्ही म्हणालात मी घाबरले, तर म्हटलं, मॅडमना जास्त कळतं.”

“तू घाबरली होतीस. पण थांबवायचं काम माझं होतं.”

“माझी पावाची गाडी गेली.”

“हो.”

“माझी आई म्हणाली, तुला आधीच सांगितलं होतं, तुझ्यासारखीचं काम नाही ते. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.” तिने हातातला ट्रे आपटला. आतून कोणीतरी ‘काय झालं’ म्हणून ओरडलं. “मला तुमच्यावर ओरडता येत नाही, मॅडम. मला येतच नाही ओरडायला. नाहीतर आज ओरडले असते.”

मी म्हटलं, “साहेबांना सांगायला उद्या जातेय.”

“उद्या जा. आधी आत्ता चला माझ्याबरोबर काकांकडे.”

रंगारी तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्प्लिंट घातली होती तरी जिना चढताना कठडा धरून वेळ लागला. हळूबाई दोन पायऱ्या पुढे, मागे न बघता. पण प्रत्येक वळणावर थांबत होती.

त्याने ऐकून घेतलं. पहिलं वाक्य मला नाही, तिला बोलला. “म्हणजे तू इतके दिवस उगाच रडत होतीस?”

मग माझ्याकडे वळला. “मला बसा म्हणता येणार नाही तुम्हाला.”

“नका म्हणू.”

“या हाताने मी खिडकीच्या चौकटीला रेघ मारायचो, पट्टी न लावता. तुमचा पाय गेला तर माझा हात कशाला घेतलात?”

मी उभी राहिले. पाय जळत होता, पण ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

हळूबाई म्हणाली, “उद्यापासून सकाळी बटणं लावायला तुम्ही यायचं, मॅडम.”

“मला नको ही बाई,” रंगारी म्हणाला.

“मलाही नकोत, काका. पण मला झोपायचंय.”

२४ मार्च

साहेबांनी सगळं पुन्हा लिहून घेतलं. सभ्यपणे. पण या वेळी खुर्ची पुढे केली नाही, मीच ओढून बसले. शिकवण्याचा परवाना जमा केला. परत मिळणार नाही असं म्हणाले नाहीत. मिळेल असंही म्हणाले नाहीत. हळूबाईच्या नावावरचा शेरा काढतील. मी विचारून घेतलं, दोनदा.

भाऊजी घरी येऊन उभ्याउभ्याच बोलले. “वहिनी, एवढंच होतं तर आधी मला सांगायचं. मी काय परका होतो? आता लोक म्हणतील यांच्या गाडीत बसायचं की नाही. कोण येणार शिकायला?” बरोबर होतं त्यांचं. चहा न घेता गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे म्हणाले, “येईल.”

मी म्हटलं, “नस की भाऊजी?”

“दोन्ही.”

२ एप्रिल

रोज सकाळी रंगाऱ्याकडे. हे रस्त्यापर्यंत सोडायला येतात, मग मी जिना चढते. तो दार उघडतो. उभा राहतो. मी गळ्यापासून खाली बटणं लावत जाते. नजर एकमेकांच्या खांद्यावरून. मग चहा ठेवते, त्याचा. माझा ठेवत नाही. भांडी घासते, निघते. सगळं मिळून दोन वाक्यं होतात, ‘या’ आणि ‘झालं’.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, असं केल्यावर काहीतरी वाटेल. नाही वाटलं. बटण हे बटण असतं.

१२ एप्रिल

त्याचं प्लास्टर काढलं. हात वाळलेल्या फांदीसारखा झालाय, बोटं मिटत नाहीत. मी गेले तेव्हा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसला होता. मला ते बघणं ओळखीचं वाटलं. तोंडातून निघून गेलं, “तांदळात घालून बघा.”

“काय?”

“हात. टपात तांदूळ घ्या, त्यात हात घालून बोटं हलवायची. मी पाय घालते.”

“त्याच तांदळात?”

“अहो नाही! तुमचे तुमचे घ्या.”

तो हसला नाही. पण आज सकाळी गेले तर टेबलावर पातेलं होतं, तांदळाने भरलेलं.

(हे शेवटचं वाक्य आज लिहिलं, बाकी काल. आज १३.)

२१ एप्रिल

पावलाच्या बाहेरच्या कडेला नवीन दुखणं. टाचणी टोचल्यासारखं, मधूनच. व्यायामाच्या बाई एकदम खूश. हे चांगलं लक्षण असू शकतं म्हणाल्या. मी म्हटलं, दुखणं चांगलं? म्हणाल्या, कधीकधी. डॉक्टर एवढे खूश नव्हते. म्हणाले, पंजा उचलायची ताकद कदाचित अर्धीच येईल, स्प्लिंटची सवय ठेवा.

भाऊजींचा फोन आला. हिशेबाचं काहीतरी विचारायला. शेवटी म्हणाले, “बाकी पाय कसा आहे?” त्यांनी पाय विचारला, गुडघा नाही.

४ मे

कोपऱ्यावर पावाची गाडी दिसली. चालवत होती हळूबाई. माझ्याकडे नाही, दुसऱ्या स्कूलमध्ये शिकली, परीक्षा पास झाली. गाडीवर घेतलेला माणूस टिकला नाही, म्हणून मालकाने हिलाच बोलावलं. हे सगळं रंगाऱ्याकडून कळलं, तिने मला काही कळवलं नाही. का कळवावं?

मी रस्ता ओलांडायला उभी होते. तिने गाडी पूर्ण थांबवली, नुसती हळू नाही केली. मी स्प्लिंट घालून, काठी टेकत, माझ्या चालीने ओलांडला. मागच्याने हॉर्न वाजवला तरी ती हलली नाही. तिने हात केला नाही. मीही केला नाही.

९ मे

आज गेले तर रंगाऱ्याने दार उघडलं तेच शर्ट घालून. सगळी बटणं लावलेली, एका घराने चुकलेली. कॉलर एका बाजूला वर, खाली एक टोक लोंबतंय. मी बघितलं. त्यालाही माहीत असावं. कपाळावर घाम होता.

चहा ठेवला. त्याने स्वतःच दुसरा कप पुढे केला. बसा म्हणाला नाही, पण खुर्चीवरचं सामान उचलून खाली ठेवलं. बसले. चहा फार गोड झाला होता, दोघांनी मुकाट्याने संपवला.

निघताना म्हणाला, “उद्यापासून येऊ नका.”

“बरं,” मी म्हटलं. पायात बूट चढवला, काठी घेतली आणि सवयीने म्हटलं, “येते.”

“येऊ नका म्हटलं ना!”

“अहो, ‘जाते’ कसं म्हणणार? म्हणून ‘येते’ म्हटलं.”

तेव्हा तो हसला. मोठ्याने हसला, लोंबणारं शर्टाचं टोक हलत होतं. मग दार लावून घेतलं.

जिना उतरले. रोजच्यापेक्षा लवकर, भांडी त्याने आधीच घासून ठेवली होती. मला वाटलं होतं, हे मला सोडून रोज घरी जातात आणि मग घ्यायला येतात. तर हे समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले, रुमाल अंथरून, मांडीवर पेपर, डोळे त्या जिन्याच्या दाराकडे.

“घरी गेला नाहीत?”

“इथे ऊन बरं आहे.”

पायरीवर ऊन नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, उद्यापासून यायचं नाही म्हणाला. हे ‘बरं’ म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या सकाळी मी काय करू? आणि एकदम रडायला आलं. कशाचं, ते कळलं नाही. पायाचं नव्हतं, परवान्याचं नव्हतं. थांबेना. रस्त्याने लोक येत-जात होते, कामावर निघालेले, एक बाई तर वळून बघत गेली.

ह्यांनी पेपर उघडला, दोन्ही हातांनी पूर्ण पसरला आणि माझ्या तोंडापुढे धरला. जाहिरातींचं पान होतं. माझं रडून होईपर्यंत तसाच धरून बसले, आणि कोणी जवळून गेलं की मोठ्याने वाचल्यासारखं करत होते.